साबण, छत्री, मीठ

लुसांगोच्या सालोंगोला एकदा बोलताना ऐकलं की लोक आपल्या मुलीच्या क्वांजुल्याची तारीख पाद्र्याला विचारायच्या आधी त्याला विचारायचे. पाद्री दुसरा मिळतो.

क्वांजुल्यात, म्हणजे मुलीला मागणी घालायच्या समारंभात, मुलाकडचे पुरुष पांढरे पायघोळ कांझू आणि बायका टोकदार खांद्यांच्या गोमेसी घालून, टोपल्या डोक्यावर घेऊन मुलीच्या अंगणात येतात, आणि मुलीकडचा बोलणारा त्यांना ओळख द्यायला साफ नकार देतो. तुम्ही कोण? वाट चुकलात का? मयत पलीकडच्या घरी आहे, इकडे कुठे? मग मुलाकडचा बोलणारा गयावया करतो, बायका गाणी म्हणतात, म्हातारे उन्हात ताटकळतात. खरं तर मंडळी कशाला आली आहेत ते साऱ्या गावाला ठाऊक असतं. मंडपात नवरानवरीच्या नावाचा केकसुद्धा मांडलेला असतो. पण हे न ओळखण्याचं काम नीट झालं नाही, तर पोरगी स्वस्तात गेली असं लोक वर्षभर बोलतात. सालोंगो हे काम पंचेचाळीसेक वर्षं करत होता. त्याने न ओळखलेली माणसं मसाकापासून सरोवराच्या काठापर्यंत पसरलेली होती आणि त्या सगळ्यांची त्याच्याशी घट्ट ओळख होती.

त्याचं खरं नाव गेरेवाझिओ सेबुग्वावो. पण जुळ्यांच्या बापाला आमच्याकडे दुसरं नाव उरत नाही. जुळी झाली त्या दिवसापासून तो सालोंगो आणि त्याची बायको नालोंगो. पोरांची नावंही बरोबरच आलेली असतात: आधी मुलगा आला तर वास्वा, मागून मुलगी आली तर नकातो. आईबापाला नाव शोधायचा त्रास नाही आणि पुढे विसरायची सोय नाही. यातली दुसरी गोष्ट सालोंगोला म्हातारपणी फार उपयोगी पडली.

बोलायच्या धंद्यात तो अपघाताने पडला. त्याच्या स्वतःच्या क्वांजुल्यात त्याच्या बाजूचा बोलणारा केळ्याची दारू पिऊन टोपल्यांच्या मागे झोपला. नवऱ्या मुलाने तोंड उघडायचं नसतं, त्याने खाली मान घालून बसायचं असतं. सालोंगो उठला आणि स्वतःसाठी स्वतःच बोलला. नालोंगोच्या बापाने दंड म्हणून एक बकरी जास्त घेतली आणि मनातल्या मनात जावई पसंत केला. नालोंगो आजही म्हणते, "त्या दिवशी तो दुसरा जागा असता तर मी आज वेगळ्या घरात शांत बसले असते."

तर असा हा माणूस विसरायला लागला.

पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण आमच्याकडे रस्त्यात भेटलेल्या माणसाची विचारपूसच इतकी लांब चालते की एखाद्याने तुमच्या गाईची तब्येत दोनदा विचारली तर ते प्रेम वाटतं. नालोंगोच्या मात्र आलं. ती काही बोलली नाही. तिने फक्त आवाज वाढवला. फाटकातून कुणी आलं की ती चुलीपासूनच ओरडायची, "अरे बोसा, आलास का! बस, बस!" म्हणजे सालोंगो हात पुढे करून म्हणायचा, "बोसा! किती दिवसांनी!" शेजारपाजारी बोलायला लागले की नालोंगोला हल्ली ऐकू कमी येतं, बिचारी ओरडते. नालोंगोने तेही पांघरून घेतलं. कुणी मुद्दाम कानाशी येऊन बोललं तर ती "हं? काय?" असंही करायची.

पण मंडपात ओरडता येत नाही. तिथे बायका वेगळ्या चटईवर बसतात. मागच्या पेरणीच्या सुमारास एका क्वांजुल्यात सालोंगोने नवरी मुलगी पाहुण्यांच्या हवाली करताना आदल्या आठवड्यातल्या मुलीचं नाव घेतलं. नवरा मुलगा संस्कारी होता, तो गप्प बसला. मुलीची आई गप्प बसली नाही.

ही बातमी कंपालात वास्वापर्यंत गेली. वास्वा गाड्यांचे सुटे भाग विकतो, त्यामुळे बिघडलेली कुठलीही गोष्ट खोलून बघता येते अशी त्याची समजूत आहे. शिवाय आता त्याच्याच मुलीचा, तेओपिस्ताचा, क्वांजुला ठरला होता. लुसांगोत, आजोबांच्या अंगणात. बोलणार कोण हे विचारायची आजवर कुणाला गरज पडली नव्हती.

वास्वा गाडी घेऊन आला, वाफवलेल्या केळ्यांचं मातोके दोन घास खाल्लं आणि म्हणाला, "बाबा, एकदा तपासून घेऊ. नर्सबाई ठीक म्हणाल्या तर तेओच्या क्वांजुल्यात तुम्हीच बोलायचं. नाही म्हणाल्या तर कवेसा बोलेल."

"कोण कवेसा?"

"बाबा, तुम्ही ओळखता त्याला."

"ओळखतो म्हणून तर विचारतोय."

हा कवेसा म्हणजे मसाकातला नवा बोलणारा. स्वतःचे कर्णे घेऊन येतो, कांझूवर चकचकीत कोट घालतो, आणि रेडिओवर खताची जाहिरात ज्या आवाजात करतो त्याच आवाजात नवरीचं कौतुक करतो. सालोंगोने ताटातली केळी बोटाने दाबली. "तपासा," तो म्हणाला. "मला काय झालंय?"

आता परीक्षा म्हटल्यावर माणूस जे करतो तेच सालोंगोने केलं. आधी बसून आलेल्याला गाठलं. त्याचा बालमित्र बोसा आधीच्या महिन्यात त्याच आरोग्य केंद्रात हीच तपासणी देऊन आला होता.

"सोप्पं असतं रे," बोसा म्हणाला. "ती बाई तीन शब्द सांगते. मग इकडचं तिकडचं विचारते. मग म्हणते, ते तीन शब्द सांगा. सांगायचे."

"तू सांगितलेस?"

"तिन्ही."

"कोणते?"

बोसाने आधी कॉफीच्या झाडांकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं. "साबण, छत्री, मीठ."

"नक्की?"

"कोरून ठेवलेत डोक्यात."

पुढचा आठवडा सालोंगोने या तीन शब्दांत घालवला. केळी सोलताना साबण, बकरी बांधताना छत्री, झोपायला जाताना मीठ. जपमाळेच्या मण्यांमध्येही तो ते हळूच घालायचा. नालोंगोच्या कानावर आलं तेव्हा तिला वाटलं हे देवाकडे घरखर्चाचं मागतायत. तिने एक साबणाची वडी आणून ठेवली. देवाला तेवढ्यासाठी कशाला त्रास.

नर्सबाई प्रॉस्कोव्हिया शेजारच्याच गावची. तिच्या आईच्या क्वांजुल्यातही सालोंगोच बोलला होता आणि त्याने तिच्या बापाला उन्हात इतका वेळ उभं केलं होतं की तो माणूस पुढे आयुष्यभर टोपीशिवाय बाहेर पडला नाही. ती सालोंगोपुढे गुडघे टेकून वाकली, मग उठून टेबलामागे गेली आणि कागद पुढे ओढला. एका बाकावर नालोंगो आणि लेक नकातो बसल्या.

"सालोंगो, आज वार कोणता?"

"दवाखाना उघडा आहे. म्हणजे रविवार नाही."

"रविवार नाही हे बरोबर. मग कोणता?"

"तुला कशाला हवाय? कुठे जायचंय?"

"महिना कोणता चाललाय?"

"बाई, तुझ्या भिंतीवर कॅलेंडर नाही, ही सरकारची चूक. माझ्यावर का काढतेस?"

नकातोने हात तोंडाला लावला. प्रॉस्कोव्हियाने पेन खाली ठेवलं. "सालोंगो, आज मुलाकडचे तुम्ही. विचारणारी मी. माझ्या बापाकडच्यांनी दिली तशी उत्तरं द्या."

हे सालोंगोला पटलं. तो सरळ बसला आणि हात मांडीवर ठेवले. विचारणाऱ्याच्या समोरच्या बाजूला तो स्वतःच्या लग्नानंतर पहिल्यांदाच बसत होता.

"मी तीन शब्द सांगते, लक्षात ठेवा. खुर्ची, नदी, कोंबडा. म्हणा."

"खुर्ची, नदी, कोंबडा," सालोंगो म्हणाला, पण लक्ष न देता, जसं कुणी भलतीच मुलगी पुढे आणली तर तिच्याकडे बघतात तसं. खरे शब्द त्याच्याकडे होते.

मग तिने त्याला घड्याळ काढायला सांगितलं. सालोंगोने छान गोल वर्तुळ काढलं, बारा आकडे लिहिले. सगळे एकाच बाजूला, खांद्याला खांदा लावून.

"आणि हा उरलेला अर्धा भाग?"

"ती रात्र," सालोंगो म्हणाला.

प्रॉस्कोव्हियाने काहीतरी लिहिलं. "आता मी थांबा म्हणेपर्यंत प्राण्यांची नावं सांगत जा. सुचतील तितकी."

इथे मात्र सालोंगो सुटला. उदमांजर, माकड, बिबट्या, सिंह, हत्ती, रानरेडा, पाणमांजर, चिखलातला मासा, टोळ. आमच्याकडे कुळांची देवकं ज्या क्रमाने मंडपात म्हणतात त्या क्रमाने तो निघाला होता आणि त्याला थांबायचं काही कारण नव्हतं. "चवळी," तो म्हणाला. "अळंबी. काळीज."

"सालोंगो, अळंबी हा प्राणी नाही."

"तुझं देवक काय?"

"अळंबी," प्रॉस्कोव्हिया म्हणाली.

"मग स्वतःलाच खोडतेस?"

तिने पेन हवेत धरलं, थोडा विचार केला, आणि खोडलं. "माझ्या बापाची माफी मागेन," ती म्हणाली. "आता सांगा. सुरुवातीला तीन शब्द सांगितले होते, ते कोणते?"

याच क्षणासाठी सालोंगोने आठवडा घातला होता. त्याने घसा साफ केला आणि मंडपातल्या आवाजात, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा, म्हणाला, "साबण! छत्री! मीठ!"

बाहेर रांगेतली दोन पोरं रडायची थांबली.

प्रॉस्कोव्हियाने कागद पाहिला. उलटून पाहिला. "सालोंगो, हे कुठून आणलंत?"

"तूच सांगितलेस."

"हे शब्द माझ्याकडे कधीच नव्हते. मी खुर्ची म्हणाले होते."

"कोणती खुर्ची?"

सालोंगोने खाली पाहिलं. तो खुर्चीवर बसला होता. खुर्ची त्याला दिसत होती, पण ती बाई कधी काय म्हणाली ते तिच्यात कुठेच नव्हतं. त्याने तिच्या दांड्यावरून हात फिरवला, सुतार बघतो तसा. मग तो नालोंगोकडे वळला. आणि नालोंगोला, जिचा आवाज चुलीपासून फाटकापर्यंत पोचायचा, तिला काय ओरडावं ते कळलं नाही.

"हे नुसतं वयाचं नाही," प्रॉस्कोव्हिया म्हणाली. "रक्त तपासू, दाब बघू. त्यात काही सापडलं तर औषध देईन. पण गेलेलं सगळं परत येईल असं मी सांगणार नाही. हळूहळू वाढेल. बाजारात एकटं पाठवू नका. सायकल लपवा."

"मी इथेच बसलोय," सालोंगो म्हणाला.

"म्हणून तर मोठ्याने सांगतेय. तुमच्या पाठीमागे सांगितलं असतं तर आवडलं असतं?"

"नाही."

"आणि बोलणं?" नकातोने विचारलं. "क्वांजुला आलाय तोंडावर."

"नवी नावं टिकणार नाहीत. काल ऐकलेलं, आज ऐकलेलं, गळेल. जिभेवर वर्षानुवर्षं बसलेलं आहे ते बरेच दिवस राहील. पुढचं तुमच्या घरात ठरवा. माझ्या कागदावर त्याला रकाना नाही."

परतताना रस्त्यातच बोसाची बायको भेटली आणि उलगडा झाला. बोसा तपासणीला निघाला तेव्हा तिने त्याला बजावलं होतं की येताना साबण, छत्री आणि मीठ घेऊन ये. बोसा कुदळ घेऊन आला होता. सालोंगो सगळं ऐकून एवढंच म्हणाला, "म्हणजे तो विसरला ते त्याने मला पाठ करायला दिलं."

निकाल कळल्यावर वास्वाने घरी यायचीही वाट पाहिली नाही. फोनवरच म्हणाला, "ठरल्याप्रमाणे कवेसाला सांगतो." सालोंगोने वाद घातला नाही. पेटीतून कांझू काढला, झटकला, घडी घातली, परत ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढला. तिसऱ्या दिवशी नालोंगो म्हणाली, "किती वेळा घडी मोडाल? विरेल तो."

"मी त्या दिवशी कुठे बसायचं?"

"पुढे, आजोबांच्या जागी. मानाची जागा असते."

"तिथे बसून काय करतात?"

"काही नाही. बसतात."

"ते मला येत नाही," सालोंगो म्हणाला. "शिकायचं वय गेलं. आणि नवीन काही टिकत नाही असं ती बाईच म्हणाली."

नालोंगोने हे सगळं नकातोला जसंच्या तसं सांगितलं. आता नकातो ही तेओपिस्ताची सेंगा, बापाची बहीण, आणि क्वांजुल्यात सेंगापुढे बापाचं काही चालत नाही, मग तो कंपालात कितीही सुटे भाग विकत असो. तिने वास्वाला फोन लावला.

"वास्वा, पाहुण्यांना न ओळखायचं असतं, त्या भागात बाबांना काय आठवावं लागतं?"

"काही नाही," वास्वा म्हणाला.

"मग तो भाग बाबांचा. पाहुणे बसले, कॉफीच्या बिया वाटून झाल्या की कवेसा उठेल. नावं, कुळं, देवकं, टोपल्या, सगळं त्याचं."

"आणि बाबा थांबले नाहीत तर?"

"ते बघू," नकातो म्हणाली. ज्याचं काही बघता येणार नाही त्याला आमच्याकडे असंच म्हणतात.

क्वांजुल्याच्या दिवशी अंगणात तीन मंडप पडले होते, मागे केळीच्या पानात मातोके शिजत होतं, आणि सालोंगो कांझू-कोट घालून पुढच्या खुर्चीवर बसला होता. शेजारी कवेसा, हातात माईक घेऊन. मुलाकडचा बोलणारा होता बाझिल्यो, मित्यानाकडचा, पोट पुढे आणि हजरजबाबीपणा त्याच्याही पुढे. सालोंगोचं नाव त्याने ऐकलं होतं. आजाराचं काही ऐकलं नव्हतं. नवरा मुलगा किझिटो मान खाली घालून मध्ये कुठेतरी दडलेला होता.

मंडळी फाटकात आली. सालोंगो उठला. माईक त्याने घेतला नाही.

"थांबा! एवढे पांढरेशुभ्र होऊन कुठे निघालात? चर्च मागे राहिलं."

"सेबो, आम्ही इथेच आलोय," बाझिल्यो 'साहेब' म्हणावं तशा अदबीने म्हणाला.

"इथे कोण मेलं? मला कसं नाही कळवलं?"

मंडपात खसखस पिकली. बाझिल्यो सरसावला. "सेबो, लांबून आलोय, घशाला कोरड पडलीय, पाणी तरी द्या."

"पाणी मागायला एवढी माणसं? तुमच्या गावाला विहीर नाही की दोर नाही?"

असं ते चाललं, आणि जसं इतकी वर्षं चालत आलं होतं तसंच चाललं. म्हातारे मांडीवर थापा मारायला लागले. मंडळी आत आली, बसली. नकातोने छोट्या टोपलीतून कॉफीच्या बिया फिरवल्या, सगळ्यांनी चघळल्या. ठरल्याप्रमाणे कवेसा उठला, माईकवर बोट आपटलं, चकचकीत कोट नीट केला.

सालोंगोने वळून त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आणि हा कोण?" त्याने बाझिल्योला विचारलं. "तुमच्यातला का?"

मंडप फुटायचा बाकी राहिला. लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसले. "नाही, सेबो!" बाझिल्यो ओरडला. "असले कोट आमच्याकडे नाहीत. तुमच्याच घरातून निघालाय!"

"आमच्यातलाही नाही. बसा, पाहुणे. कुणीतरी येईल तुम्हाला न्यायला."

कवेसा बसला. एवढ्या हशानंतर उभं राहणं कुठल्याच बोलणाऱ्याला जमलं नसतं, आणि कवेसा काही झालं तरी धंद्यातला माणूस होता. तो टाळ्याही वाजवत होता. बायकांच्या चटईवर फक्त दोघी हसत नव्हत्या. नालोंगोने नकातोकडे पाहिलं आणि नकातोने बियांच्या रिकाम्या टोपलीकडे.

"हं," सालोंगो बाझिल्योला म्हणाला, "तर तुम्ही कशासाठी आलात?"

हे बाझिल्योने नुकतंच सांगितलं होतं, तेही यमक जुळवून. पण मुरलेला माणूस, त्याला वाटलं म्हातारा खेळवतोय. त्याने पुन्हा सांगितलं, वेगळं यमक जुळवून. सालोंगोने मन लावून ऐकलं, मान डोलावली, थोडा वेळ इकडेतिकडे पाहिलं, आणि विचारलं, "बरं. पण तुम्ही आलात कशासाठी?"

तिसऱ्या वेळी मुलाकडच्या बायका गाणं म्हणत गुडघ्यांवर पुढे आल्या. लोक म्हणाले, असं चिवट न ओळखणं आम्ही उभ्या आयुष्यात पाहिलं नाही. वास्वाने घाम पुसून पुसून रुमाल पिळला.

मग बाझिल्यो देवकावर आला. "सेबो, आमच्या मुलाचं देवक उदमांजर. आता तुमचं ऐकू द्या, म्हणजे सोयरीक जुळते का बघू."

इथे मंडप गप्प होतो, नेहमीच होतो. पण नालोंगोला ती शांतता वेगळी वाटली. देवक एक निघालं तर ती भावंडं. लग्न तिथेच मोडतं, टोपल्या आल्या तशा परत जातात. आणि सालोंगोच्या कानात ताजा शब्द होता तो उदमांजर. तो उचलून तोच परत बोलला असता तर केकावरची दोन्ही नावं भावाबहिणीची झाली असती.

सालोंगोने डोळे मिटले. "मी गेरेवाझिओ सेबुग्वावो," तो म्हणाला. मग बापाचं नाव घेतलं, मग आज्याचं, मग पणज्याचं, एकावर एक, पायऱ्या चढावं तसा, श्वास न घेता, पार कुळाच्या मूळ माणसापर्यंत, आणि तिथे उभा राहून म्हणाला, "माकडाचं देवक. आम्ही झाडावरून सगळं बघतो."

नालोंगोने सोडलेला श्वास शेजारणीला ऐकू आला. "बरं वाटत नाही का?" तिने कानाशी येऊन विचारलं. "हं? काय?" नालोंगो म्हणाली.

आता मुली बाहेर आणायची वेळ. आधी भलत्याच आणायच्या असतात. "ही का?" सालोंगो विचारायचा. "देखणी आहे, सेबो, पण ही नाही." "ही?" "हीही नाही." शेवटी नकातो तेओपिस्ताला घेऊन आली. मुलगी आजोबांसमोर गुडघे टेकून बसली. बायकांनी ललकाऱ्या दिल्या. आता मुलीकडच्या बोलणाऱ्याने तिला नावाने हाक मारून विचारायचं असतं.

सालोंगोने तिच्याकडे पाहिलं. चेहरा ओळखीचा होता, खूप ओळखीचा. कुणाचा तरी चेहरा कुणाच्या तरी चेहऱ्यावर बसला होता. नावाच्या जागी काही नव्हतं. त्याने तोंड उघडलं आणि तिथे आलं ते साबण. त्याने तोंड मिटलं. कवेसा खुर्चीच्या काठावर सरकला, माईक तयार धरून.

सालोंगोने नजर बाजूला वळवली. "नकातो," तो म्हणाला. हे नाव त्याला आलं. ते येणारच होतं.

"बाबा?"

"तू आणलेली ही मुलगी आपलीच ना?"

"आपलीच."

"कुणाची?"

लोक हसले. "वास्वाची," नकातो म्हणाली.

"म्हणजे माझी." सालोंगो पुढे वाकला. माईक नव्हताच, आणि आता त्याचा आवाजही मंडपातला राहिला नव्हता. "मुली, या लोकांना तू ओळखतेस का?"

"ओळखते, जज्जा."

"नक्की?"

"नक्की. सगळ्यांना ओळखते," तेओपिस्ता म्हणाली. तिने त्याचा हात धरला होता. "तुम्हालाही."

सालोंगो सरळ झाला. "मग झालं तर," तो म्हणाला. "घरातल्या एकाने ओळखलं की पुरे. सगळ्यांनी कशाला कष्ट घ्यायचे? बाझिल्यो, नीट टेकून बसा. जेवण वाढा यांना, मघापासून पाणी मागतायत."

बाझिल्योने उठून त्याला मिठी मारली. पुढे मित्यानात तो सांगत फिरला की लुसांगोच्या सालोंगोने मला तीन वेळा तोच प्रश्न विचारला आणि चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. ऐकणारे विचारतात, हे तो कसं करतो? बाझिल्यो म्हणतो, सराव.

दुसऱ्या दिवशी सकाळी सालोंगो ओसरीत बसून सुकलेल्या कॉफीतले खडे वेचत होता. नालोंगो कांझू भिजवत होती.

"साबण आहे का घरात?" त्याने विचारलं.

"आहे. तुम्हीच मागवला होता."

त्याने दोनतीन खडे काढले. "पोरीचा क्वांजुला कधी आहे?"

"काल झाला."

तो थांबला. "कोण बोललं?"

"तुम्ही."

"बरा झाला का?"

"चांगला झाला. जरा लांबला."

"लांबायलाच हवा," सालोंगो म्हणाला. "पटकन ओळख दिली की पोरगी स्वस्तात जाते."

फाटक वाजलं. बोसा आत येत होता, खांद्यावर कुदळ घेऊन. नालोंगोने ओले हात झटकले आणि ओरडायला मोठा श्वास घेतला.

"थांब," सालोंगो म्हणाला. "इतक्यात ओळख देऊ नकोस."